अझारियासला आणायला

शेअर टॅक्सीच्या अड्ड्यावर त्या सकाळी मी धापा टाकत पोचले, मधल्या रांगेत एक सीट मोकळी दिसली, आणि आता बूड टेकणार एवढ्यात मागून एका बाईने माझा दंड धरला. "तिथे माणूस आहे, दिसत नाही का तुला?" माणूस कसला, रिकामी सीट. पलीकडे खिडकीशी काळा कोट घातलेला एक गृहस्थ बसला होता, मांडीवर म्फाफाची काटेरी फांदी, पानं मलूल झालेली, आणि फांदीचा शेंडा त्या रिकाम्या सीटवर टेकवलेला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुकाट्याने पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी स्वतःला कोंबून घेतलं. भाड्याचे पैसे हातोहात पुढे आले, त्यात त्या गृहस्थाचे दोघांचे होते. एरवी कानठळ्या बसतील अशी गाणी लावणारा तो दांडगट ड्रायव्हर, त्याने रेडिओ बंद केला. टेम्बिसाच्या वस्तीपासून शहरापर्यंत कोणी ब्र काढला नाही. गृहस्थ मात्र मधूनच हळू म्हणायचा, "काका, आता डावीकडे वळतोय हं. सिग्नल लागला, थांबलोय." मला हसू यायला हवं होतं. मी शहरात वाढलेली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळपांघोळ करते, माणूस मेला की काय होतं ते रोज बघते. मेला की मेला. चादर ओढायची आणि खिडकी उघडायची. पण त्या दिवशी म्हाताऱ्या फान वेकबाईंच्या पाठीला साबण लावताना माझा हात मध्येच थांबला. माझ्या बापाला असं कोणीच घरी आणलेलं नाही, हे मला तेव्हा, त्या गोऱ्या सुरकुतलेल्या पाठीकडे बघताना सुचलं. फान वेकबाई ओरडल्या, "अमेलिया, गारठले ना मी!" मी पाणी ओतलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. म्हणजे बापाचं नाही, टॅक्सीतल्या माणसाचं सांगितलं, गंमत म्हणून. ती मक्याच्या पिठाची उकड घाटत होती. तिचा हात थांबला नाही, पाठ वळली नाही. नुसती म्हणाली, "गाडी भाड्याने मिळते ना गं कुठे?" इतकी वर्षं या बाईने माझ्या बापाचं नाव घेतलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, चूल बघ, दूध उतू जाईल. आणि आता एकदम गाडी! "कशाला गाडी?" मी म्हटलं. "त्याला काय टॅक्सीतून आणू? सिंहाच्या रानातनं टॅक्सी जाते का? ते गोरे कसे जातात आपापली गाडी घेऊन, तसं जायचं." सगळं तिने ठरवलेलं होतं. कधीपासून कोण जाणे. मी हा विषय काढला नसता तर ती ते पोटात ठेवूनच गेली असती, आणि मला त्या क्षणी तिचा असा राग आला की मी ताट ढकललं आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

आमच्यात माणूस घराबाहेर मेला, की ज्या जागी त्याचा श्वास गेला तिथे जावं लागतं. म्फाफा म्हणजे बोरीच्याच जातीचं झाड, एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. त्याची फांदी त्या जागी जमिनीला लावायची, नावाने हाक मारायची, ऊठ बाबा, चल घरी. तो फांदीवर येतो. मग ज्याने फांदी धरली त्याने घरी पोचेपर्यंत जिवंत माणसाशी अक्षर बोलायचं नाही. त्याच्याशी तेवढं बोलायचं, नदी आली, पूल आला, वळण आलं, म्हणजे तो वाटेत चुकत नाही. हे नाही केलं तर तो तिथेच उभा. उन्हात, पावसात, आपले लोक कुठे गेले म्हणत उभा. आणि माझा बाप उभा होता सिंहांच्या त्या पार्कात. तिकडे मोझांबिकमध्ये लढाई पेटली, गावं जळली, तेव्हा आमच्यासारखे किती लोक तारेचं कुंपण ओलांडून त्या रानातनं चालत इकडे आले. सगळे पोचले नाहीत. त्यावर कोणी बोलत नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या तोंडात आईच्या कापडाचा बोळा होता आणि त्याला धुराचा वास होता. वाटाड्याने सांगितलं होतं, बोलायचं नाही, खोकायचं नाही, पोरं रडली तर मी जबाबदार नाही. बाप माझ्या पुढे चालत होता. त्याच्या पोटऱ्या आठवतात. चेहरा नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केलाय, पोटऱ्यांपासून वर वर जायचा, पण खांद्यापाशी सगळं पुसट होतं.

गाडी घेतली ती सगळ्यांत लहान, पांढरी. आदल्या रात्री पार्काच्या फाटकाबाहेरच्या गावात मुक्काम केला. सकाळी फाटकावर गणवेशातली एक तरणी बाई आली, आमच्याच भाषेची. तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, गाडीतून उतरायचं नाही, हात डोकं बाहेर काढायचं नाही, प्राण्यांना खायला द्यायचं नाही, संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत बाहेर. मग तिचं लक्ष आईच्या मांडीवरच्या फांदीकडे गेलं. तिचा आवाजच बदलला. "कोणाला न्यायला आलात, कोक्वाना?" आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला आजी-आजोबा म्हणावं तसं कोक्वाना म्हणतात. आई म्हणाली, "नवऱ्याला." "कुठल्या बाजूला झालं?" "ते ठाऊक असतं तर तुला विचारलं असतं का?" ती पोर जरा घुटमळली. म्हणाली, "पण जागा सापडल्याशिवाय..." "तू फाटक उघड," आई म्हणाली. "जागेचं मी बघते."

आणि मग तासन् तास आम्ही ती जागा शोधली. तुम्हाला काय सांगू! सगळीकडे मोपानीची खुजी झाडं, तांबडी माती, कोरडे ओढे. एक ओढा दुसऱ्यासारखा. आई म्हणायची, थांब. मी थांबायची. ती काचेला नाक लावून बघायची, ओठ हलायचे, मग म्हणायची, नाही, तिथे दगड होते. पुढे. पुन्हा थांब. दगड असायचे तर झाड नसायचं. माझ्या मागे गाड्या यायच्या, लोकांना वाटायचं हिला काहीतरी दिसलंय. दुर्बिणी निघायच्या. मग काहीच नाही बघून ते आमच्याकडे असे बघायचे, की मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. हरणांचा एक कळप रस्ता ओलांडत होता आणि शेजारच्या गाडीतली पोरं आनंदाने किंचाळत होती. आई म्हणाली, "एवढ्याला एवढे पैसे देतात?" "देतात." "आम्ही तर फुकट बघितलं." आणि फिसकन हसली. मलाही हसू फुटलं. मला सारखं वाटत होतं की कोणीतरी गाडीच्या बाहेरून, झाडांच्या उंचीवरून आमच्याकडे बघतंय. बघणारा ओळखीचा असेल तर भीती वाटायला नको. पण मी काच पुरती वर आहे की नाही ते पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत होते.

दुपार होत आली तसा माझा धीर सुटला. "अगं आई, पुरे आता. सगळं सारखंच आहे. कुठेही लाव फांदी, त्याला काय कळतंय?" तिने पाण्याची बाटली उघडली, पण प्यायली नाही, परत झाकण लावलं. छातीवरून हात फिरवला. मी विचारलं, दुखतंय का? "तुझं बोलणं दुखतंय," ती म्हणाली. आणि मग समोर रस्त्याकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तशी सांगायला लागली. "तू पाणी मागत होतीस. बोळा काढला की पाणी, पाणी. तो ओढ्यात उतरला, वाळू उकरून बघतो म्हणाला. उजाडत होतं. बाकीचे पुढे निघाले. मग मला आवाज आला. तुला नाही आला, तुझे कान मी दाबले होते. अमेलिया, त्याने मला हाक मारली. माझ्या नावाने. दोनदा. वाटाड्याने माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता बरं का, लोकांना मी तसं सांगितलं ते खोटं आहे. माझं तोंड मोकळंच होतं. मी ओ दिली नाही. ओ दिली असती तर ते सिंह आपल्याकडे आले असते. दिली नाही, म्हणून आपण इथे गाडीत बसलोय." मी गाडी बाजूला घेतली. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, आणि तितकंच वाटलं की गाडीतून उतरून चालत सुटावं, ह्या बाईपासून लांब. दोन्हीतलं काही केलं नाही. मी तिच्या मांडीवरचं पान झटकलं. "चल," ती म्हणाली, "पुढे बघू."

पुढच्या वळणावर गाड्यांची ही रांग. दोन्ही बाजूंनी गाड्या, मागे पुढे सरकत, आरसे आरशांना घासत. सिंह! मोपानीच्या सावलीत चार-पाच सिंहिणी पसरल्या होत्या, पोटं वर करून. एकीच्या हनुवटीवर वाळलेलं रक्त होतं. लोक खिडक्यांतून मोबाइल बाहेर धरून बसलेले, कोणी कोणाला पुढे जाऊ देईना. आमची गाडी सरकत सरकत अगदी त्यांच्या समोर येऊन अडकली. मी आईकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ती घाबरलेली नव्हती. बाजारात खूप वर्षांनी कोणी दिसावं आणि हाच का तो म्हणून निरखावं, तशी बघत होती. "अमेलिया," ती म्हणाली, "आपण ओढे काय शोधत बसलो वेड्यासारखे? तो ओढ्यात कुठे राहिलाय?" मला आधी समजलं नाही. मग समजलं. त्या तिथे लोळत पडलेल्या जनावरांच्या आया, आज्यांच्या पोटात. "आई, नको," मी म्हटलं. तिने काच खाली केली. सगळी. बाहेरची गरम हवा आत आली आणि तिच्याबरोबर त्या जनावरांचा वास. तिने फांदी धरलेला हात कोपरापर्यंत बाहेर काढला. शेजारच्या मोठ्या गाडीतला लाल मानेचा गोरा दबक्या आवाजात ओरडला, "अहो बाई, वेड लागलंय का? काच वर घ्या! घ्या वर!" त्याची बायको त्याला म्हणाली, थांब, मी शूट करतेय. हनुवटीवर रक्त असलेल्या सिंहिणीने मान उचलली. तिचे पिवळे डोळे आईवर येऊन थांबले, आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मला वाटलं आता आई हाक मारेल. रीत तशीच आहे, नावाने हाक मारायची. आईने हाक मारली नाही. तिने ओ दिली. "ओ," ती म्हणाली, स्वच्छ, मोठ्याने, परसातून कोणी बोलावलं तर देतात तशी. "ओ, अझारियास. आले मी. उशीर झाला. चल घरी." बापाचं नाव मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सिंहीण बघत राहिली. मग तिने जांभई दिली आणि पुन्हा डोकं टेकलं. आईने फांदी आत घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि मला म्हणाली, "काच वर घे. आता मी बोलणार नाही. तूही माझं डोकं खाऊ नकोस. नीट चालव."

ती माझ्याशी बोलली ते तेवढंच. फाटकावर त्या गणवेशातल्या पोरीने आत वाकून बघितलं, आणि काही न विचारता टोपी काढून हातात धरली. पार्काच्या हद्दीवरच्या नदीवर लांब अरुंद पूल आहे, खाली मगरी पडलेल्या असतात. तिथे आई फांदीकडे तोंड करून म्हणाली, "पूल आला, अझारियास. पाय जपून टाक." तिचा आवाज मऊ होता. नवी नवरी नवऱ्याशी बोलते तसा. मला लाज वाटली, मी ऐकायला नको होतं असं काहीतरी मी ऐकलं. मग डोंगर लागले, मोसंबीच्या बागा, पाइनची लागवड. मी खाण्याचा डबा तिच्याकडे सरकवला, तिने मान हलवली की नाही ते मी बघितलं नाही, पुढे ट्रक होता. पुढची नदी आली. मी वाट बघितली. ती काही म्हणाली नाही. डोळे मिटले असतील, म्हातारी दमली, मला वाटलं. पूल संपत आला आणि माझ्या जिवाची घालमेल व्हायला लागली. मी न मानणारी बाई! पण इतक्या लांबून आणायचं आणि एका पुलावर चुकवायचं? "बाबा," मी म्हटलं, "नदी आली." बाबा हा शब्द माझ्या तोंडात कधी बसलाच नव्हता. जीभ अडखळली. पुढच्या वळणाला पुन्हा म्हटलं, मग बरं वाटायला लागलं, आणि मग जे सुटले ते सुटलेच. बाबा, इथून चढ आहे. बाबा, हा कोळशाचा ट्रक, ह्याला मागे टाकते, घट्ट धरा. बाबा, मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, तुम्ही म्हातारे झाला असता तर तुम्हाला पण घातली असती. लग्न केलं होतं, टिकलं नाही, तो माणूस काही खरा नव्हता, आई म्हणतच होती. तुमचा चेहरा मला आठवत नाही, रागावू नका. मी बोलत होते आणि रडत होते आणि हसतही होते. शेजारी आई ऐकतेय, आणि तिला बोलता येत नाही, म्हणून आज मला मध्येच कोणी टोकणार नाही, ह्याची मला मजा वाटत होती. खरं सांगते, इतकी सुखी मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

डोंगर उतरून माळावर आलो तसं ऊन सरळ समोरून यायला लागलं. मी माझ्या बाजूची उन्हाची झडप खाली केली. आईच्या तोंडावर ऊन होतं, तिने केली नाही. हटवादीपणा तिचा. वाकून तिची झडप मी खाली करावी असं मनात आलं, पण तिला हात लावला तर चालतो की नाही ते मला माहीत नव्हतं. रीत मोडायला नको. टोलनाक्यावरची बाई म्हणाली, "आजी झोपल्या वाटतं." मी हसून मान हलवली.

पेट्रोल पंपावर गाडी थांबवली तेव्हा ऊन कलंडलं होतं. पोऱ्याने काच पुसायला घेतली, आईच्या बाजूची. पुसता पुसता त्याचा हात मंद झाला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फडकं तसंच काचेवर सोडून तो मागे सरकला. तेव्हा मी वळले. आईचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि उन्हात न लवता उघडे होते. मी मनगट धरलं. मला नाडी बघावी लागत नाही, माझा धंदाच तो, त्वचेला हात लागला की कळतं. दोन्ही हातांची पकड फांदीवर तशीच होती. वाकडे काटे तळव्यात रुतले होते, आणि आलेलं रक्त वाळून गेलं होतं. म्हणजे आत्ताचं नाही. केव्हाचंच. मी सगळ्यांच्या चादरी ओढणारी बाई, मी माझ्या आईच्या प्रेताशेजारी बसून गप्पा मारत आले. तिला कळ आली असेल, आणि ती बोलली नाही. ती बोलणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी बघितलं नाही. मी दार उघडून खाली बसले, सिमेंटवर, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी थांबवला नाही.

पंपाच्या कडेला भाजलेली कणसं विकणारी एक म्हातारी होती. ती धावत आली. तिने आधी माझ्याकडे नाही, गाडीत बघितलं. फांदी बघितली. कंबरेचं कापड सोडून तिने ते आईच्या डोक्यावरून घातलं, फांदीवरूनही. "कोणाला आणत होती?" "माझ्या बापाला." ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, टाळ्या वाजवाव्यात तसे तळवे हळू आपटून तिने बापाला नमस्कार केला. मग माझ्याजवळ सरकली. "फांदी तू घे. त्यांना असं मध्ये टांगून ठेवू नकोस. त्यांना घरी ने, आणि मग तुला दुसरी फांदी तोडून हिच्यासाठी यायचंय." मी मान हलवली. "जागा लक्षात ठेव, पोरी. कुठे गेली ही?"

मी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. कोळशाचे ट्रक दिवे लावून एकामागून एक येत होते.

"कुठे गेली?" तिने पुन्हा विचारलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही.

"पार्काच्या पुलापासून इथपर्यंत," मी म्हटलं.